एएनएम, जीएनएम की बी.एस्सी.? : एका घराचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात एसटी स्टँडच्या आसपास नर्सिंगच्या जाहिराती दाटीने दिसू लागतात. रिक्षांच्या पाठीवर, झेरॉक्सच्या दुकानात, कॉलेजच्या फाटकाशी. पांढऱ्या गणवेशातल्या हसऱ्या मुली, 'शंभर टक्के नोकरी', 'हप्त्याने फी', 'वसतिगृहाची सोय' आणि खाली दोन मोबाइल नंबर. या जाहिरातींत दोन आकडे मला जवळजवळ कधीच दिसले नाहीत. पूर्ण मुदतीचा एकूण खर्च किती, हा एक. आणि मागच्या वर्षी इथून बाहेर पडलेली मुलगी आज किती पगारावर आहे, हा दुसरा. घरात मात्र निर्णय याच दोन आकड्यांवर होणार असतो. मुलीच्या मागे धाकटा भाऊ असतो, शेतावर सोसायटीचं कर्ज असतं, आणि 'शिकवून तरी काय, लग्न करून टाका' असं म्हणणारे पाहुणे दारात असतात.

हा लेख त्या दोन आकड्यांविषयी आहे.

आधी वाटा किती ते पाहू. एएनएम, म्हणजे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. फक्त मुलींसाठी, बारावी कुठल्याही शाखेची चालते. जीएनएम तीन वर्षांचा. पूर्वी तो साडेतीन वर्षांचा होता. तो मुलांनाही खुला आहे आणि बारावीला इंग्रजीसह चाळीस टक्के लागतात. या दोन्हींच्या परीक्षा महाराष्ट्रात शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची. ती चार वर्षांची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवं, त्यानंतर राज्याची सीईटी, आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तिन्ही वाटांच्या शेवटी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. ती असेल तर मुलगी नर्स. नसेल तर दवाखान्यात सगळे तिला 'सिस्टर' म्हणत असले तरी कायद्याच्या लेखी ती नर्स नाही.

हे इतकं ठळकपणे लिहायचं कारण आहे. या तीन वाटांच्या बाजूला एक चौथी पळवाट उघडलेली असते. सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट', एक वर्षाचा 'पेशंट केअर', कुठल्याशा ट्रस्टचा 'होम नर्सिंग डिप्लोमा'. फी वीस-तीस हजार, प्रवेश लगेच, बारावी नापास असली तरी चालतं. रुग्णाची काळजी घेणारी मदतनीस म्हणून हे शिकणं वाईट नाही. त्या कामाला मान आहे आणि गरजही आहे. पण हे नर्सिंग म्हणून विकलं जातं तेव्हा ती सरळ फसवणूक असते. या कागदावर परिषदेची नोंदणी होत नाही, जिल्हा परिषदेच्या भरतीचा अर्ज भरता येत नाही, पुढच्या शिक्षणाला तो कागद मोजला जात नाही. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यांत अशा कितीतरी मुली सलाइन लावतात, इंजेक्शन देतात, रात्रपाळ्या काढतात. त्यांचा पगार पाच वर्षांनीही फारसा हललेला नसतो, कारण हलवण्यासाठी त्यांच्या हातात काही नसतं. म्हणून पैशाचा विचार करण्याआधी एक काम करायचं. संस्थेचं नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाची मान्यता आहे का, ते स्वतः पाहायचं. भिंतीवर चौकटीत लावलेलं जुनं पत्र पुरत नाही.

आता खर्च. लातूर जिल्ह्यातल्या एका घरी मी वडिलांची वही पाहिली. सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताचा हिशेब जिथे संपतो त्याच्या पुढच्या पानावर त्यांनी मुलीच्या जीएनएमचा हिशेब मांडला होता. संस्थेने सांगितलेली फी वर्षाला ऐंशी हजार. एवढाच आकडा आधी लिहिला होता, त्याखाली रेघ मारली होती. मग रेघेखाली, वेगळ्या शाईने, एकेक ओळ वाढत गेली. वसतिगृह आणि मेस महिन्याला साडेपाच हजार, अकरा महिने धरले तर साठ हजार पाचशे. गणवेशाचे तीन जोड, पांढरे बूट, घड्याळ. पुस्तकं, केस बुक, जर्नल. परीक्षा फी. दिवाळीला, पंचमीला घरी येण्याजाण्याचं भाडं. या सगळ्याचे मिळून वर्षाला वीस हजार. बेरीज एक लाख साठ हजार पाचशे. तीन वर्षांचे चार लाख एक्क्याऐंशी हजार पाचशे.

"फी सांगताना सगळे सांगतात ताई," ते म्हणाले. "रेघेखालचं कुणी सांगत नाही."

रेघेखालच्या ओळींत आणखीही काही असतं. काही संस्थांचं स्वतःचं रुग्णालय नसतं. मुलींना प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात पाठवतात, तिथल्या खोलीचं आणि जेवणाचं वेगळं. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला खेड्यात जायचं, त्या गाडीचे पैसे मुलींकडून. अनामत रक्कम परत मिळायची असते, पण ती मिळवताना खेटे पडतात. आणि काही ठिकाणी शिकून झाल्यावर त्याच संस्थेच्या रुग्णालयात वर्ष-दोन वर्षं ठरलेल्या तुटपुंज्या पगारावर काम करण्याचा बाँड असतो. तोवर मूळ गुणपत्रिका संस्थेच्या कपाटात. बाँडच्या त्या काळात बाहेर मिळू शकला असता तो पगार आणि प्रत्यक्ष हातात पडला तो पगार, यांतला फरक हासुद्धा शिक्षणाचाच खर्च आहे. प्रवेशाच्या दिवशी सही करताना तो कुणी मोजत नाही.

मिळकतीचं चित्र तीन अगदी वेगवेगळ्या मजल्यांचं आहे. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणं सोपं नाही, आणि हेच सगळ्या गोष्टीचं मर्म आहे.

वरचा मजला सरकारी कायम नोकरीचा. जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक (महिला) हे पद एएनएमसाठी आहे. जाहिरातीतल्या अर्हतेत साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका आणि परिषदेकडील नोंदणी हेच लिहिलेलं असतं. वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१००. सरकारी रुग्णालयातली अधिपरिचारिका, जिला सगळे स्टाफ नर्स म्हणतात, तिची श्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. त्यासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. हवं. हे नुसते मूळ पगार. महागाई भत्ता धरला तर एएनएमचे अडतीस हजारांच्या पुढे आणि स्टाफ नर्सचे पन्नास हजारांच्या पुढे जातात, घरभाडं वेगळं. केंद्राच्या एम्समध्ये, आपल्याकडे नागपूरच्या एम्समध्येही, नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो. त्याच्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसू शकते. जीएनएम झालेलीला पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एएनएमला ही परीक्षाच नाही.

मधला मजला कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत एएनएमला महिना अठरा हजार आणि स्टाफ नर्सला वीस हजार हे मानधन वर्षानुवर्षं दिसतं. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदाची संधी असते. तिथे पंचवीस हजार ठरलेले आणि कामावर आधारित पंधरा हजारांपर्यंत जास्तीचे. पण ही नोकरी अकरा महिन्यांच्या आदेशांवर चालते. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी कायम करण्यासाठी मोठा संप केला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप झाला. ज्या मुली विशीत अठरा हजारांवर लागल्या, त्यांतल्या कित्येकींची मुलं आता शाळेत आहेत आणि आदेश अजून अकरा महिन्यांचाच आहे.

खालचा मजला खाजगी, आणि बहुसंख्य मुली तिथेच पहिली नोकरी करतात. मला ऐकायला मिळालेले आकडे असे. तालुक्याच्या गावी एएनएमला आठ-दहा हजार. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या जीएनएमला बारा ते सोळा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत वीसच्या पुढे, पण तिथली खोली आणि डबा त्यातला निम्मा खातो. तेच काम, तेवढीच जबाबदारी, तितक्याच रात्रपाळ्या.

हा फरक न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीच्या शिफारशी स्पष्ट होत्या. दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार. शंभर ते दोनशे खाटांमध्ये त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटांमध्ये फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या छोट्या रुग्णालयातही महिन्याला वीस हजारांच्या खाली नाही. केंद्राने हे राज्यांकडे पाठवलं. केरळमध्ये नर्सेसच्या संघटनेने २०१७ मध्ये लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने वीस हजारांच्या मूळ वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे या शिफारशींना जवळपास दहा वर्षं झाली. तालुक्याच्या गावच्या नर्सिंग होममधल्या मुलीला ही शिफारस होती हेही माहीत नसतं. दहा वर्षांपूर्वीचे वीस हजार आजही तिच्या स्वप्नातला आकडा आहे, याचा मला मनापासून राग येतो.

आता वहीच्या पानाकडे परत येऊ. समजा त्या वडिलांनी पाच लाखांपैकी तीन लाख शैक्षणिक कर्ज काढलं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागितलं जात नाही, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावत असतं. ते तूर्त बाजूला ठेवलं आणि नुसते तीन लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षं असं धरलं, तरी महिन्याचा हप्ता येतो सुमारे ४,९८०. मुलगी खाजगी रुग्णालयात पंधरा हजारांवर लागली. खोली आणि जेवण साडेसहा हजार. हप्ता गेला, खोली गेली, हातात उरले ३,५२०. यात मोबाइल, साबण, गावी जायचं भाडं, आजारपण. घरी पाठवायला काही नाही. लग्न ठरलं तर हप्ता माहेरने भरायचा की सासरने, हा प्रश्न उभा राहतो आणि बऱ्याचदा नोकरीच सुटते. हीच मुलगी समितीने सांगितलेल्या किमान वीस हजारांवर असती तर हातात ८,५२० उरले असते. ती सरकारी स्टाफ नर्स असती तर सगळं कर्ज दीड-दोन वर्षांत फिटलं असतं.

म्हणून एएनएम की जीएनएम हा प्रश्न फीच्या आकड्यावर सोडवला तर चुकतो. दोन सरकारी श्रेणींमधला फरक मूळ पगारातच महिन्याला ९,९०० चा आहे. एएनएम झालेली मुलगी एक वर्ष आधी कमावू लागते. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाचा खर्च आणि त्या वर्षीचा बुडालेला एएनएमचा पगार, दोन्ही मिळून धरले तरी ४,६६,५०० होतात. ९,९०० च्या फरकाने ते चार वर्षांच्या आत वसूल होतात. त्यानंतर निवृत्तीपर्यंतचा फरक निव्वळ मिळकतीचा. कागदावर जीएनएम स्पष्टपणे जिंकतो.

पण हा हिशेब दोघींना सरकारी नोकरी मिळाली असं धरून केलेला आहे. खालच्या मजल्यावर दोघी सोबत उभ्या असतील तर पगारातला फरक तीन-चार हजारांचा उरतो, आणि जास्तीचं वर्ष वसूल व्हायला दीडपट ते दुप्पट काळ जातो. मग विचार करायचा तो वरच्या मजल्याची दारं किती आणि कोणती याचा. एएनएमला मुख्यतः एकच मोठं दार आहे, जिल्हा परिषदेचं. ते दरवर्षी उघडत नाही. २०२३ ची मोठी जिल्हा परिषद भरती कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आली होती. तोवर कित्येकींचं वय पुढे सरकलं होतं. जीएनएमला जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, महापालिका, रेल्वे, अनुभवानंतर एम्स, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. अशी कितीतरी दारं आहेत.

माझं मत सांगते. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत एएनएमची जागा मिळत असेल आणि घरची ओढाताण खरीच असेल, तर ती घ्यावी. शिकताना जवळजवळ खर्च होत नाही आणि हातात नोंदणी येते. पण खाजगी संस्थेत दोन-अडीच लाख घालून एएनएम करू नये. त्या पैशात आणखी भर घालून जीएनएम होतं. बारावी विज्ञान असेल, तर आधी बी.एस्सी.ची सीईटी द्यावी. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये जागा थोड्या असतात. यंदा लागली नाही तर एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करणं हे खाजगीत घाईने भरलेल्या पाच लाखांपेक्षा स्वस्त पडतं. घरचे म्हणतात, वर्ष वाया जाईल. वर्ष जातं हे खरं, पण त्या बदल्यात पुढची सात वर्षं हप्त्यातून सुटतात.

एक सवलत बऱ्याच घरांना ऐकून माहीत असते, तपशिलाने नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी मिळू लागली. ही माफी पूर्वी पन्नास टक्के होती. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, थेट खिडकीवर पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. जागा घेण्याआधी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या यादीत तो अभ्यासक्रम आणि ती संस्था दिसते का, हे समोर बसून पाहून घ्यावं. 'मिळेल हो स्कॉलरशिप' या तोंडी आश्वासनावर पहिला हप्ता भरलेली घरं पुढच्या जूनमध्ये सावकाराच्या दारात दिसतात.

खर्च आणि पगार यांच्या मधे एक तिसरी गोष्ट असते आणि ती या दोन्हींहून मोठी आहे, असं मला वाटतं. ती म्हणजे मुलगी शिकते कुठे. नियमाप्रमाणे तीन रुग्णांमागे एक विद्यार्थिनी असायला हवी. म्हणजे साठ विद्यार्थिनींच्या वर्गाला रोज एकशे ऐंशी दाखल रुग्ण हवेत. ज्या संस्थेत प्रवेश घ्यायचा तिच्या रुग्णालयात सकाळी अकराच्या सुमारास, कुणाला न सांगता, नुसतं भेटीला जावं. वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का? प्रसूतिकक्षाबाहेर नातेवाईक बसलेत का? अपघात विभागात गडबड आहे का? की चादरी कडक इस्त्रीच्या आणि खाटा रिकाम्या? रिकाम्या वॉर्डात शिकलेल्या मुलीच्या केस बुकमध्ये बाळंतपणांच्या नोंदी मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेल्या असतात. पहिल्या मुलाखतीत तिच्या हातात आयव्ही कॅन्युला दिला की ते उघडं पडतं. तिचा पगार कमी राहतो आणि ती दोष स्वतःला देते. सिव्हिलमध्ये शिकलेल्या मुलीने मात्र वीस वर्षांच्या वयात सर्पदंश, पोटात विष, अडलेलं बाळंतपण, कमी वजनाचं मूल असं सगळं पाहिलेलं असतं. खाजगी रुग्णालयाची मेट्रन ते पाच मिनिटांत ओळखते.

एएनएमविषयी एवढं सगळं लिहिल्यावर एक गोष्ट लिहायलाच हवी. मी तिला कमी लेखत नाही. सपाटीवर साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असतं, आणि त्या उपकेंद्राचा जीव म्हणजे ती. नंदुरबार जिल्ह्यात एका अंगणवाडीच्या ओट्यावर लसीकरणाचं सत्र मी पाहिलं. सिस्टर निळी लस पेटी घेऊन आल्या. आधी त्यांनी आइसपॅक कानाशी धरून हलवून पाहिला होता. आतून पाण्याचा आवाज आला तरच तो पेटीत जातो, नाहीतर गोठलेल्या बर्फाला टेकून पेंटाव्हॅलंटसारखी लस बाद होते. बीसीजीची कुपी फोडून द्रावण मिसळलं, त्याची वेळ कुपीवर पेनाने लिहिली, कारण चार तासांनंतर उरलेली फेकून द्यायची. इंजेक्शन दिलेली सुई लगेच हब कटरमध्ये. प्रत्येक आईला अर्धा तास तिथेच बसायला सांगितलं. एक आई उठून निघाली होती, बाजाराचा दिवस होता. सिस्टरने तिच्याच भिली बोलीत काहीतरी म्हटलं आणि ती हसत परत बसली. मग नोंदवही, मग मोबाइलवर पुन्हा तीच नोंद, मग गरोदर बायांचं हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, आणि जाता जाता एका घरी न आलेल्या बाळाची चौकशी. हे काम राज्यातल्या सगळ्यांत मोलाच्या कामांपैकी आहे. याला कंत्राटी अठरा हजार देणं ही आपली लाज आहे. आणि म्हणूनच मला असं वाटतं की या कामाला येणाऱ्या मुलीने कर्जाचं ओझं डोक्यावर घेऊन येऊ नये. तिचं शिक्षण पूर्णपणे सरकारने करावं.

महाराष्ट्रात परिचारिकेचं शिक्षण मुळात बाईच्या मिळकतीच्या प्रश्नातूनच वाढलं. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या मुली, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्या काळी बऱ्या घरच्या बायकांनी हे काम करावं हेच समाजाला मान्य नव्हतं. रमाबाईंनी वसतिगृह उभं केलं, पालकांची समजूत घातली. नर्स झालेल्या बाईला स्वतःच्या पायांवर उभं राहता यावं हा त्यामागचा उद्देश होता. शंभर वर्षांनंतर आपण काय केलं? त्याच शिक्षणाचा बाजार केला. अनेक मुली पायांवर उभ्या राहण्याआधीच कर्जात उभ्या राहतात.

परदेशाची वाट आता लातूर-परभणीपर्यंत पोचली आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते. ती रोज नियमाने बसून गाठायला वर्षभर तरी लागतंच. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या परिषदेची संगणकावरची आणि प्रात्यक्षिक परीक्षा. आखाती देशांना साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. या सगळ्या वाटा जीएनएम आणि बी.एस्सी.ला खुल्या आहेत, एएनएमला जवळजवळ नाहीत. 'एएनएम करा, थेट दुबई' असं सांगणाऱ्या एजंटाच्या कार्यालयातून सरळ उठून यावं. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या अठरा देशांत, ज्यांत आखाती देशही येतात, नर्सची भरती २०१५ पासून सरकारने ठरवलेल्या संस्थांमार्फतच होते. आणि नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून घ्यायचं शुल्क कायद्याने तीस हजार रुपये अधिक जीएसटी इतकंच आहे. तीन-चार लाख मागणारा माणूस कायदा मोडतो आहे. परदेशाच्या आशेवर शिक्षण निवडणं चूक नाही, पण त्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढू नये. भाषेच्या परीक्षेत एकदा नापास झालं तर हप्ता थांबत नाही.

लातूरच्या त्या वडिलांना मी वहीच्या त्या पानावर आणखी चार ओळी लिहायला सांगितल्या. संस्थेच्या मागच्या दोन बॅचच्या दहा मुली आज कुठे आहेत आणि त्यांना किती पगार आहे. बाँड आहे का, किती वर्षांचा, आणि मूळ कागदपत्रं कुणाकडे राहतात. रुग्णालयात रोज किती रुग्ण दाखल असतात. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो की थेट. पहिल्या ओळीसाठी त्यांनी संस्थेत फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सगळ्या लागल्यात हो." किती पगारावर, असं विचारल्यावर माहिती देणाऱ्या बाई थांबल्या आणि प्राचार्यांशी बोलायला सांगितलं. प्राचार्य बैठकीत होते. मुलीने मग स्वतःच गावातल्याच एका थोरल्या मुलीला गाठलं, जी त्या संस्थेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडली होती. तेरा हजार, तेही बाँड संपल्यावर. ते ऐकून त्या वडिलांच्या मुलीने यंदा जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलचा फॉर्म भरला आहे. नाव लागलं नाही तर सीईटीचा अभ्यास करायचा असं ठरलंय, आणि तोवर गावातल्या मेडिकलवर काउंटरला बसायचं.

ही माहिती घरोघरी फोन करून मिळवावी लागू नये. प्रत्येक नर्सिंग संस्थेला दरवर्षी मान्यता मागावी लागते. त्या अर्जासोबत मागच्या तीन बॅचमधल्या किती मुलींची नोंदणी झाली, किती नोकरीत आहेत, किती पगारावर आहेत आणि किती बाँडखाली आहेत, हा एक पानाचा तक्ता घ्यायला परिषदेला आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाला काहीच अवघड नाही. तो तक्ता संकेतस्थळावर आणि माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर मराठीत छापणं संस्थांना सक्तीचं करावं. जी संस्था तक्ता देणार नाही तिला पुढच्या वर्षाच्या जागा देऊ नयेत. नोंदणीचे आकडे परिषदेकडे आहेतच. पगाराचा आकडा मागायची सुरुवात येत्या जूनच्या प्रवेशांपासून करता येईल.